शाबूत काचेची साक्ष

मी एक जुनी काचेची पट्टी आहे. लांबी वीतभर, रुंदी दोन बोटे, जाडी खिडकीच्या साध्या काचेएवढी. मित्रांनो, काचेची कीर्ती न फुटण्यात असते असा तुमचा समज असेल. चष्मा, आरसा, औषधाची बाटली यांच्या बाबतीत तो बरोबरच आहे. माझी गोष्ट वेगळी आहे. माझी नेमणूक फुटण्यासाठी झाली होती. योग्य क्षणी मधोमध तडकणे, एवढेच माझे काम. ते मी एकदाही केले नाही, आणि त्याबद्दल पुष्कळ वर्षे माझे कौतुक झाले.

माझा जन्म कुठल्यातरी भट्टीत झाला असणार. त्यातले मला काही आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते रचून सांगण्याची मला सवय नाही. मला आठवते ती एका वाफेच्या इंजिनाची खिडकी. त्या इंजिनाला सगळे 'थोरली' म्हणत, कारण त्याच घडणीचे दुसरे इंजिन नंतर आले आणि ते 'धाकटी' झाले. ड्रायव्हर माझ्यावर कोपर टेकून पुढे पाहत असे. उजेड आत सोडणे आणि वारा बाहेर ठेवणे, एवढेच तेव्हाचे माझे काम. ते मी चोख केले. एके दिवशी कोळशाच्या फावड्याचा दांडा कोपऱ्यावर बसला, काचेला तडा गेला आणि मला खिडकीतून उतरवले.

भंगाराच्या पेटीतून मला उचलले ते शेडमधल्या एका तरुण फिटरने. पुढे सगळे त्याला मामा म्हणू लागले, म्हणून मीही मामाच म्हणते. ही इंजिनशेड म्हणजे खाली काळा दगड, वर विटांचे बांधकाम, छपरात धूर जायला उंच झरोके आणि मागच्या भिंतीत सात कमानदार खिडक्या. समोर टर्नटेबल होते, म्हणजे गोल खड्ड्यात बसवलेला लोखंडी फिरता पूल. त्यावर इंजिन उभे करून त्याचे तोंड फिरवत. मागच्या भिंतीच्या चौथ्या खिडकीलगत एक भेग होती. ती खिडकीखालून निघून कमानीत शिरली होती. भेग जुनी आहे की अजून वाढते आहे, हे नुसते पाहून कुणालाही सांगता येत नाही. ते सांगायला मी होते.

मामाने हिरकणीने रेघ ओढून माझ्या काचेच्या तीन पट्ट्या कापल्या. दोन कापतानाच मोडल्या. तिसरी मी. त्याने मला भेगेवर आडवी ठेवली आणि माझी दोन्ही टोके सिमेंटच्या गोळ्यांनी भिंतीत पक्की केली. डावे टोक भेगेच्या डाव्या बाजूला, उजवे उजव्या. काच ताणली जात नाही. भिंत केसभर जरी फाकली, तरी मी तडकणार. मग सगळे काम थांबवायचे, भिंतीला टेकू द्यायचा. व्यवस्था अगदी सोपी होती. फक्त एक अट होती: दोन्ही टोके पक्की हवीत.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मामा फडके घेऊन येई. मला पुसून घेई, नखाने एकदा डाव्या गोळ्यावर आणि एकदा उजव्या गोळ्यावर टिचकी मारी, आवाज ऐके, आणि 'भेगेची वही' नावाच्या लांबट वहीत लिही: काच शाबूत. काही वर्षांनी फडके सुटले. मग टिचकी सुटली. मामाचा फोरमन झाला, कामे वाढली, आणि तो दारातूनच माझ्याकडे बघून 'शाबूत' लिहू लागला. पुढे त्या शब्दाचीही गरज उरली नाही. वरच्या ओळीखाली दोन टिंबे दिली की भागत असे.

याच काळात वरची पन्हळ फुटली आणि तिचे पाणी वर्षानुवर्षे माझ्या डाव्या टोकावर ठिबकत राहिले. एकदा मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून सगळ्या शेडला चुना काढायचे ठरले. रंगाऱ्याचा कुंचला माझ्यावरून फिरला आणि डावा गोळा सरळ त्याच्या हातात आला. तो माणूस लबाड नव्हता. त्याच्यापुढे आणखी दोन भिंती होत्या आणि हातात तासभर वेळ. त्याने इकडेतिकडे पाहिले, घट्ट चुन्याचा एक गोळा केला, माझे टोक त्यात टेकवले आणि वरून दोन हात मारले. दिसायला ते पहिल्यापेक्षा सुबक झाले.

त्या दिवसापासून मला फक्त उजवी बाजू धरून होती. डावी बाजू पुढेमागे सरकली की ओलसर चुन्यात मीही गुपचूप सरकत असे. भिंत मधल्या काळात दोन वेळा फाकली. मी शाबूत. मित्रांनो, खोटे बोलायला तोंड लागतेच असे नाही.

वाफेची इंजिने बंद झाली. धाकटीचे तुकडे झाले, शेडला कुलूप लागले, झरोक्यांत पारवे आले. मामा निवृत्त झाला, तरी पहिल्या तारखेला येतच राहिला. मग कुणीतरी ठरवले की थोरली दुरुस्त करून याच शेडमध्ये कायमची मांडावी, लोकांना दाखवावी. यार्डाच्या साहेबांनी कागदावर लिहून दिले: इंजिन असेल तर शेड ठेवू, इंजिन नसेल तर जागा मोकळी करू. दोन वर्षे खपून मामाने आणि त्याच्या जुन्या सोबत्यांनी थोरलीला उभे केले. आणि पहिल्याच दिवशी, तिला शेडमधून टर्नटेबलवर ढकलत असताना, पूल जागच्या जागी धरून ठेवणारी खिट्टी कुणी टाकलेलीच नव्हती. पूल हातभर सरकला. थोरलीची पुढची चाके रूळ संपवून खड्ड्यात गेली. पुढची लोखंडी तुळई वाकली, एका बाजूचे झाकण फुटले, आणि सत्तर टनांचे ते धूड नाक खाली घालून, शेपूट शेडकडे करून अडकून बसले. खिट्टी कुणी टाकायची होती, याची चौकशी चालू आहे.

मोठी क्रेन आणायचा रस्ता यार्डातल्या नाल्यावरून होता आणि तिथली मोरी, म्हणजे छोटा पूल, क्रेनचे वजन पेलणारी नव्हती. साहेबांनी शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मुदत दिली. त्यानंतर गॅसने लोखंड कापणारी माणसे येणार, थोरलीचे तिथेच तुकडे होणार, आणि पाठोपाठ शेड पडणार.

मामाचा बेत असा: पुढची चाके जॅकने उचलायची, खाली रुळांची जुनी लाकडे रचायची, आणि थोरलीला मागून तारेच्या दोराने शेडमध्ये ओढून घ्यायचे. दोर बांधायला काहीतरी अचल हवे. चौथ्या खिडकीच्या बाहेरून रुळांचा एक जुडगा आडवा टाकायचा आणि दोर खिडकीतून आत घ्यायचा. म्हणजे सगळी ओढ मागच्या भिंतीवर, नेमकी माझ्या भेगेशेजारी.

परवानगी देणार होती इमारती तपासणारी इंजिनिअर. ती मामाची सख्खी भाची. शनिवारी सकाळी ती आली, तिने भिंगातून मला पाहिले आणि वही मागितली.

"चाळीस वर्षं, बाराही महिने," मामा म्हणाला. "एक ओळ वेगळी दाखव."

तिने पाने चाळली. "तेच तर. इतक्या सारख्या नोंदी बघितल्या, की मला भेगेपेक्षा लिहिणाऱ्याचीच काळजी वाटते, मामा."

"लहानपणी दूध प्यायच्या आधी साय मोजायचीस, तशीच राहिलीस."

"आणि तू न मोजता पूर्ण भांडं संपवायचास." तिने बोट पुढे केले. "हा चुना खरवडून टोकं बघते."

"हात लावू नकोस!" मामा एकदम ओरडला. "चाळीस वर्षांची आहे ती. नखाने फुटली, तर साक्षीदारच गेला. मग सिमेंट लावून नवी बसवणार, आणि ते वाळायला चार दिवस. आहेत चार दिवस?"

चार दिवस नव्हते. तिचे बोट माझ्या डाव्या टोकापासून पेरभर अंतरावर थांबले आणि मागे गेले. मित्रांनो, मला कुणी इतक्या प्रेमाने कधीच जपले नव्हते, आणि त्या जपण्याने इतका धोकाही कधी झाला नव्हता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण काच तडकली की ओढणं बंद. अर्धी फेरीसुद्धा नाही." मग तिने आपल्या वहीचा पुठ्ठा कापून त्याची चतकोर चकती केली आणि माझ्याखाली वीतभर अंतरावर भेगेत घट्ट दाबून बसवली.

"हे काय?"

"दुसरा साक्षीदार. एकट्याच्या साक्षीवर मी भिंतीखाली माणसं उभी करत नाही."

जड वजने हलवणाऱ्या कामगारांना रेल्वेत खलाशी म्हणतात. पाण्याशी त्यांचा संबंध नसतो. असे चार खलाशी हाताच्या विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या चाकावर, उभे राहिले, माझ्यापासून दहा पावलांवर, कमानीच्या अगदी समोर. त्यांचा मुकादम काडीसारखा बारीक, म्हणून त्याला पैलवान म्हणत. तो आकडे म्हणायला कमानीखाली, दोराशेजारी उभा राहिला.

"पैलवान, जपून," मामा म्हणाला. "दोर तुटला तर तू उडशील."

"मी उडालो तर कळायचंसुद्धा नाही, मामा. टोपी तेवढी शोधा."

साडेदहाला ओढ सुरू झाली. पैलवान आकडा म्हणे, चौघे दांडा अर्धी फेरी ढकलत, विंचचा खटका दात्यावर पडे, मग सगळे थांबून भाचीकडे पाहत. ती माझ्याकडे पाही. "शाबूत," ती म्हणे, आणि पुढचा आकडा पडे. दोर सरळ झाला. मग ताठ झाला. मग त्यातून एक बारीक, एकसुरी आवाज येऊ लागला. बाहेर जॅकवरची थोरली बोटभर उचलली गेली आणि मागे सरकली. खलाशांच्या चेहऱ्यांवर हसू आले.

सतराव्या अर्ध्या फेरीला माझ्या उजव्या टोकाखालची भिंत हलली. किती, तर केसाच्या दुपटीएवढी. माझे डावे टोक चुन्यातून तेवढेच बाहेर आले.

"शाबूत," भाची म्हणाली.

अठराव्याला पुन्हा. भिंतीच्या पोटात कुठेतरी वाळू सुटल्याचा आवाज मला ऐकू आला. तो माणसांना ऐकू येण्याइतका मोठा नव्हता. मी तडकायचा प्रयत्न केला, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. काच प्रयत्न करत नाही. तिला कुणीतरी दोन्हीकडून ओढावे लागते, आणि मला एकच बाजू ओढत होती.

"शाबूत."

एकोणिसाव्याला पुठ्ठ्याची चकती भेगेतून सुटली आणि भाचीच्या बुटावर पडली.

"थांबा!"

खटका पडला. साहेब दारातून पुढे आले. "काय झालं, मॅडम? काच तर शाबूत दिसतेय."

"म्हणूनच थांबा म्हटलं. सकाळी हा पुठ्ठा हातोडीने ठोकल्यासारखा बसला होता, आत्ता तो आपोआप पडला. म्हणजे भेग वाढली. भेग वाढली आणि काच शाबूत, या दोन्ही गोष्टी टोकं पक्की असताना एकदम खऱ्या असू शकत नाहीत."

"पुठ्ठा कधीही पडतो," मामा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "चाळीस वर्षांच्या काचेपुढे तू मला वहीचा पुठ्ठा दाखवतेस?"

"मी काही दाखवत नाही, मामा. तूच बघ. पहिली काही वर्षं टिचकी मारायचास ना? तूच मला सांगितलं होतंस."

मामा माझ्यासमोर उभा राहिला. इतक्या जवळ तो तीस वर्षांत आला नव्हता. त्याने नखाने उजव्या गोळ्यावर टिचकी मारली. टणक, छोटा आवाज आला. मग डाव्यावर मारली. पोकळ, मऊ, कुणी पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवावे तसा आवाज. त्याने नख माझ्या डाव्या टोकाखाली घातले. चुन्याचा पापुद्रा गळून पडला आणि माझे डावे टोक हवेत मोकळे राहिले.

मामाने नख मागे घेतले आणि तो विंचकडे वळला.

"पैलवान," मामा म्हणाला, आवाज अगदी खाली आणून. "पोरं बाहेर काढ. तूही जा."

"दोर कोण सोडणार?"

"ज्याने 'शाबूत' लिहिलं तो."

दोर एकदम सोडता येत नव्हता. थोरली सुटून पुन्हा खड्ड्यात गेली असती. बाहेर खलाशांनी चाकांखाली लाकडे ठोकून तिला टेकू दिला. आत मामा एकटा विंचवर उभा राहिला आणि खटका एकेक दाता मागे घेऊ लागला. भाची भिंतीजवळून हलली नाही.

"तू जा बाहेर."

"माझं बघून संपलं नाही अजून. तू दाते मोज."

"एक," मामा म्हणाला. "दोन."

अकराव्या दात्याला कमानीतली एक वीट निसटली आणि जिथे मघाशी पैलवान उभा होता तिथे पडून दोन तुकडे झाली. मामा तसाच उभा राहिला. त्याने पुढचा दाता मागे घेतला आणि बारा म्हटले. एकविसाव्याला दोर जमिनीवर लोळला. भेग मिटली नाही. तिच्यात आता पेन्सिल जात होती.

साडेअकरा वाजले होते. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "म्हणजे झालंच मग." साहेब वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यावरही कुणाची तरी वही होती.

"सहा वाजेपर्यंत वेळ आहे ना?" भाचीने विचारले. "मामा, भिंत सोडून दुसरं काय आहे इथे न हलणारं?"

मामा जमिनीकडे बघत राहिला. मग बुटाची टाच आपटून म्हणाला, "राखेचा खड्डा." शेडच्या आतल्या टोकाला, दोन रुळांच्या मधोमध, इंजिनांची राख पाडायचा दगडी खड्डा होता, बंद झाल्यावर राख आणि राडारोडा भरून तो बुजवला होता. "खड्ड्याच्या या तोंडाला लाकडं उभी केली आणि दोर त्यांना बांधला, तर ओढ दगडावर, आणि दगडामागे बारा हात जमीन."

भाचीने वहीच्या उरलेल्या पुठ्ठ्यावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "जमीन पेलेल. पण उपसायला किती वेळ?"

"बोलत बसलो तर रात्र होईल," पैलवान म्हणाला आणि त्याने फावडे उचलले.

मला मामाने भिंतीवरून सोडवले. उजवा गोळा त्याला छिन्नीने फोडावा लागला, इतका तो पक्का होता. रुमालात गुंडाळून त्याने मला शर्टच्या खिशात ठेवले, चष्म्याच्या घराशेजारी. म्हणून पुढचे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, आणि तेवढेच सांगते. फावड्यांचा आवाज पाच तास चालला. मध्ये एकदा ट्रक आला, त्यातून गॅसची नळकांडी उतरल्याचा खणखणाट झाला. साहेब कुणाला तरी म्हणाले, "सहाच्या आधी पेटवायचं नाही." मग लाकडे ठोकली गेली. मग पुन्हा आकडे सुरू झाले, आणि प्रत्येक आकड्यानंतर भाचीचा आवाज खड्ड्यातून येई, "दगड जागेवर!" ती आता स्वतःच्या हाताने दगड चाचपून सांगत होती. माझ्या शेजारी मामाचे काळीज इतके जोरात चालले होते, की चष्म्याचे घर माझ्यावर आपटत होते. त्या दिवशी मी फुटले असते तर त्यामुळेच.

एकतिसाव्या आकड्यानंतर लोखंडावर लोखंड बसल्याचा एक जड आवाज झाला. चाक रुळावर आले की तसा आवाज होतो. तो मी खिडकीत होते तेव्हापासून ओळखते.

"किती वाजले?" मामाने विचारले.

"सहाला आठ कमी," साहेब म्हणाले. त्यानंतर थोड्या वेळाने, ट्रकच्या दिशेने, "न्या ती नळकांडी परत."

त्याच संध्याकाळी मामाने भेगेची वही उघडली. दोन टिंबांखाली टिंबे दिली नाहीत. सावकाश लिहिले: 'काच शाबूत. डावे टोक सुटलेले. केव्हापासून, ते सांगता येत नाही. मागील नोंदी टोके न तपासता केल्या आहेत. त्या ग्राह्य धरू नयेत.' खाली पूर्ण सही केली.

"मामा, एवढं लिहायलाच हवं होतं असं नाही," भाची म्हणाली.

"मग वहीच हवी होती असं नाही."

मागच्या भिंतीला आता लोखंडी टेकू आहेत. थोरली शेडमध्ये उभी आहे, वाकलेली तुळई तशीच ठेवून. मी तिच्यासमोर एका पेटीत आहे, वहीच्या त्या उघड्या पानाशेजारी. शाळेची मुले येतात, काच कशाला ठेवली आहे म्हणून विचारतात.

मित्रांनो, तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. जुन्या वस्तू, जुन्या इमारती जपा. पण जपणे म्हणजे लांबून बघून मान हलवणे नव्हे. जवळ या, चुना खरवडा, टिचकी मारा. एखादी गोष्ट शाबूत दिसली, तर ती कुठे कुठे धरलेली आहे ते विचारा. विचारल्याने जी फुटेल, ती विश्वासाला पात्र नव्हतीच.

भिंतीवर आता माझ्या जागी आठ नव्या पट्ट्या आहेत. पहिल्या तारखेला मामा आणि भाची येतात, सोळा टिचक्या मारतात, आणि मामा प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने म्हणतो. मागच्या वर्षी छपराचे काम चालू असताना तिसरी पट्टी तडकली. टिच्‌ असा इतकासा आवाज झाला. सगळी माणसे हत्यारे टाकून बाहेर पळाली, टेकू वाढवला, कुणाला खरचटलेही नाही. तिचे दोन तुकडे मामाने फडक्याने पुसले आणि माझ्या पेटीत, माझ्या शेजारी आणून ठेवले.

ती दोन तुकड्यांत आहे. मी अजून शाबूत आहे.